घर शोधताय की शाळा? अमेरिकेतल्या एका पत्त्यामागचा इतिहास

हा भाग ऐकायचा असेल तर हेडफोन लावा. लोकलमध्ये नेट जात असेल, किंवा बाळ शेजारी झोपलं असेल, तर हा मजकूर खास तुमच्यासाठी आहे.

आजचा विषय आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात सध्या चालू असेल. कुणाला तरी ऑनसाइट मिळतं, व्हिसा स्टॅम्प होतो, पेढे वाटून होतात. सोबत मुलं असतील तर त्यानंतरचा पहिला प्रश्न पगाराचा नसतो. तो असतो, "गाव कुठलं घ्यायचं?"

आमच्याकडे ताई आणि दाजी न्यू जर्सीला निघालेत. भाचा चौथीत, भाची सिनियर केजीत. दाजींनी एक गुगल शीट बनवली. एका रकान्यात गावांची नावं, पुढे भाडं, ऑफिसपर्यंत ट्रेनला लागणारा वेळ, इंडियन ग्रोसरी किती लांब, आणि शेवटच्या रकान्यात शाळेचं दहापैकी रेटिंग. ती शीट मला पाठवून म्हणाले, "तू सॉफ्टवेअरवाला ना, जरा फॉर्म्युला लावून दे."

फॉर्म्युला लावायला दोन मिनिटं लागली. पण त्या शीटमध्ये मला एक भलतीच गोष्ट दिसली. शेजारी शेजारी दोन गावं. मध्ये एक रस्ता. रस्त्याच्या अलीकडे शाळा नऊ, पलीकडे चार. आणि भाड्यातला फरक महिन्याला काही शे डॉलर.

आता आपल्याकडे असं नसतं. पुण्यात मूल सिंहगड रोडला राहतं आणि शाळेत कोथरूडला जातं. स्कूल बस आहे, फी भरली की झालं. घराचा पत्ता आणि शाळेची सीट यांची कायद्याने घातलेली गाठ आपल्याला जाणवते ती आरटीईच्या २५ टक्के जागांचा फॉर्म भरताना. तिथे मॅपवर घराची पिन टाकावी लागते आणि अंतर मोजलं जातं. अमेरिकेत सरकारी शाळेसाठी बहुतेक सगळ्यांनाच हा नियम लागू. तिथे तुम्ही घर भाड्याने घेता तेव्हा शाळाही घेता.

का? हे कुणी ठरवलं? मी त्यावर वाचत गेलो आणि उत्तर सापडत गेलं ते जुन्या कोर्ट केसेसमध्ये. त्या केसेसमधली माणसं बघितली तर तीही आपल्या ताई-दाजींसारखीच. मुलं घेऊन नव्या गावात आलेली, आणि शाळेच्या दारात उभी.

पन्नास घरं आणि एक मास्तर

सुरुवात फार जुनी आहे. १६४७ साली, म्हणजे इकडे शिवाजी महाराज सतरा-अठरा वर्षांचे असताना, तिकडे मॅसॅच्युसेट्सच्या इंग्रज वसाहतीत एक कायदा झाला. ज्या गावात पन्नास कुटुंबं आहेत त्या गावाने मुलांना लिहायला-वाचायला शिकवणारा एक मास्तर ठेवायचा. शंभर कुटुंबं झाली की ग्रामर स्कूल काढायचं. उद्देश धार्मिक होता, मुलांना बायबल वाचता यावं हा. पण आपल्यासाठी महत्त्वाचं हे, की जबाबदारी गावाची. मास्तर गावाने शोधायचा आणि त्याच्या पगाराची सोयही गावातच करायची.

पुढे एकोणिसाव्या शतकात राज्याराज्यांत मोफत सरकारी शाळा आल्या, तरी हा पाया तसाच राहिला. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षण हा शब्दच नाही. तो विषय राज्यांचा, आणि राज्यांनी तो गावांकडे सोपवलेला. प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टचं वेगळं बोर्ड, वेगळं बजेट, वेगळा सुपरिंटेंडंट. आणि पैशाचा मोठा वाटा येतो तो गावातल्या घरांवरच्या प्रॉपर्टी टॅक्समधून.

न्यू जर्सीचं क्षेत्रफळ आपल्या पुणे जिल्ह्याच्या साधारण दीडपट. आणि तिथे स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत जवळपास ६००. दाजींच्या शीटमध्ये एवढ्या ओळी का होत्या, ते आता कळलं ना?

मेमी टेप: आठ वर्षांची मुलगी आणि लसीचा दाखला

पण गावात राहिलं म्हणजे शाळा मिळायची का? नाही. तुम्ही कोण आहात हेही बघितलं जायचं.

१८८४. सॅन फ्रान्सिस्को. जोसेफ आणि मेरी टेप हे चिनी जोडपं. जोसेफचा माल वाहतुकीचा धंदा. मेरी लहानपणी चीनमधून आली आणि मिशनरी बायकांनी चालवलेल्या आश्रमात वाढली. घरात इंग्रजी, कपडे अमेरिकन. राहायला चायनाटाउनच्या बाहेर. त्यांनी आपली आठ वर्षांची मुलगी मेमी हिला जवळच्या स्प्रिंग व्हॅली शाळेत नेलं. मुख्याध्यापिका जेनी हर्ली यांनी प्रवेश नाकारला, कारण मुलगी चिनी.

टेप कोर्टात गेले आणि जिंकले. मार्च १८८५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, सरकारी शाळेत शिकायचा हक्क या मुलीला आहे.

इथे कुणाला वाटेल गोष्ट संपली. पण थांबा. निकाल लागतोय म्हटल्यावर शाळा बोर्डाने विधिमंडळाकडून घाईघाईने नवा कायदा करून घेतला. चिनी मुलांसाठी वेगळी शाळा काढता येईल, आणि ती निघाली की त्यांना बाकीच्या शाळेत घ्यायचं नाही. मेमी निकाल घेऊन पुन्हा शाळेत गेली तेव्हा तिला सांगण्यात आलं, लसीचा दाखला नाही आणि वर्गात जागा नाही. तोवर चायनाटाउनमधली वेगळी शाळा उघडली. मेमी आणि तिचा धाकटा भाऊ तिथे गेले.

मेरी टेपने बोर्डाला एक संतापलेलं पत्र लिहिलं आणि ते वर्तमानपत्रात छापून आलं. पुढे १८९० च्या दशकात हे कुटुंब खाडीपलीकडे बर्कलीला राहायला गेलं.

केस जिंकून शाळा मिळाली नाही, आणि शेवटी त्यांनी गाव बदललं. हे लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

बगाई: ज्या घरात पाऊलच ठेवता आलं नाही

आता आपल्या उपखंडातलं एक कुटुंब. १९१५ मध्ये पेशावरहून वैष्णो दास बगाई, त्यांची बायको काला आणि तीन लहान मुलं सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. वैष्णो दास ब्रिटिशांच्या राज्याला कंटाळलेले, गदर पक्षाशी जोडलेले. मुलं स्वतंत्र देशात वाढावीत, तिथल्या शाळेत शिकावीत, ही इच्छा. त्या काळात भारतीय बाई आणि मुलं अमेरिकेत दिसणं इतकं दुर्मीळ होतं, की त्यांच्या येण्याची बातमी स्थानिक पेपरात छापून आली.

दुकान टाकलं, पैसे साठवले, आणि बर्कलीत एक घर विकत घेतलं. सामानाचा ट्रक घेऊन तिथे पोचले तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप घालून ठेवलेलं. स्वतःच्याच घरात त्यांना जाऊ देईनात.

इथे आईने काय विचार केला असेल? काला बगाई यांनी पुढे बऱ्याच वर्षांनी मुलाखतीत ही आठवण सांगितली. त्यांना भीती होती मुलांची. अशा शेजारात ही माणसं माझ्या मुलांना काही करतील. म्हणून ते कुटुंब तिथून परत फिरलं.

पुढची गोष्ट आणखी वाईट. वैष्णो दास १९२१ मध्ये अमेरिकन नागरिक झाले. पण १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. ज्यांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला सुरुवात झाली. बगाईंचं गेलं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे मालमत्ताही विकावी लागली. १९२८ मध्ये वैष्णो दास यांनी आयुष्य संपवलं. जाताना त्यांनी वर्तमानपत्रासाठी एक पत्र मागे ठेवलं.

काला मात्र तिथेच राहिल्या, तीन मुलं शिकवली. १९५० मध्ये त्या अमेरिकन नागरिक झाल्या. ज्या बर्कलीत कुलूप लागलं होतं, तिथल्या एका रस्त्याला आज काला बगाई वे असं नाव आहे. तिकडे गेलात तर गाडी थांबवून ती पाटी नक्की बघा.

मार्था लम: नदी ओलांडली की मूल गोरं

तिसरी मुलगी मार्था लम. नऊ वर्षांची. मिसिसिपी राज्यातलं रोझडेल गाव, वडलांचं किराणा दुकान. १९२४ मध्ये शाळा सुरू झाल्यावर मुख्याध्यापकांनी मार्था आणि तिच्या बहिणीला घरी पाठवलं. कारण शाळा गोऱ्यांची, आणि मुली चिनी. पर्याय होता कृष्णवर्णीय मुलांसाठीची शाळा, जिच्यावर सरकार मुद्दाम कमी खर्च करायचं.

केस थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेली. १९२७ मध्ये सगळ्या न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला, तो लम कुटुंबाच्या विरोधात. कुणाला कुठल्या शाळेत घालायचं हे राज्य ठरवेल.

मग लम कुटुंबाने काय केलं? गाव बदललं. मिसिसिपी नदी ओलांडून आर्कान्सा राज्यात एलेन नावाच्या गावी गेले. तिथे मुलींना गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश मिळाला. मुलगी तीच, तिचं इंग्रजी तेच. मध्ये फक्त एक नदी.

मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात बोलकी गोष्ट आहे. शाळेसाठी गाव बदलणं ही आयटीवाल्यांनी काढलेली आयडिया नाही. ज्यांना कोर्टात न्याय मिळाला नाही, त्यांच्या हातात उरलेलं ते एकमेव हत्यार होतं.

आणि या गोष्टीची दुसरी बाजूही बघा. लम कुटुंब नदी ओलांडून गेलं. रोझडेलमधल्या कृष्णवर्णीय मुलांना एलेनला जाऊनही तीच वेगळी शाळा मिळाली असती. गाव बदलायचा पर्याय सगळ्यांना नव्हता.

चार रंगांचा नकाशा

आता १९३० चं दशक. मंदी आली, लोकांची घरं जप्तीला निघाली. गृहकर्ज सावरायला सरकारने १९३३ मध्ये एक महामंडळ काढलं. त्याने पुढच्या काही वर्षांत शहरांचे नकाशे बनवले आणि वस्त्यांना ग्रेड दिल्या. हिरवा म्हणजे उत्तम, मग निळा, मग पिवळा, आणि लाल म्हणजे धोका. कृष्णवर्णीय वस्ती असली की लाल रंग जवळपास ठरलेला. स्थलांतरितांच्या वस्त्यांचीही ग्रेड पडायची.

१९३४ मध्ये एफएचए आलं, घरांच्या कर्जाला सरकारी हमी देणारी संस्था. तिच्या १९३८ च्या मॅन्युअलमध्ये कुठल्या वस्तीत कर्ज सुरक्षित, याचे नियम होते. त्यात शाळेचाही मुद्दा होता. वस्तीतल्या मुलांना ज्या शाळेत जावं लागतं तिथे खालच्या स्तरातली किंवा वेगळ्या वंशाची मुलं जास्त असतील, तर ती वस्ती कमी भरवशाची समजायची.

म्हणजे बघा, शाळेत कोण बसतं यावर घराची किंमत, आणि घराच्या किमतीवर शाळेचा पैसा. आमच्या भाषेत याला सर्क्युलर डिपेंडन्सी म्हणतात. एकदा अशी गाठ पडली की आपोआप सुटत नाही, कुणीतरी मुद्दाम तोडावी लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं उगवली. न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउन, १९४७ पासून. सतरा हजारांवर घरं, सैनिकांना स्वस्तात. करारात अट होती, गोऱ्यांशिवाय कुणी इथे राहायचं नाही. युद्धात लढून आलेल्या कृष्णवर्णीय सैनिकालाही नाही. १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा अटी कोर्ट अमलात आणणार नाही. घर देताना वंशावरून भेद करायला कायद्याने बंदी आली ती १९६८ मध्ये. पण मधल्या वीस वर्षांत उपनगरं बांधून, विकून, भरूनही झाली होती.

जिंकलेली केस आणि हरलेल्या दोन केसेस

१९५४ ची ब्राउन केस तुम्ही ऐकली असेल. वंशावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश अर्ल वॉरन. गंमत म्हणजे हेच वॉरन १९४७ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते. तेव्हा मेंडेझ नावाच्या एका कुटुंबाने मेक्सिकन मुलांच्या वेगळ्या शाळांविरुद्ध केस जिंकली होती, आणि टेपच्या काळापासून चालत आलेला वेगळ्या शाळांचा कायदा वॉरन यांच्याच सहीने रद्द झाला होता. हे मेंडेझ कुटुंबही शेतीसाठी नव्या गावात राहायला आलेलं.

तर १९५४ नंतर मुलाचा रंग विचारता येत नव्हता. पण पत्ता विचारता येत होता. तो पत्ता पक्का केला दोन निकालांनी. दोन्ही ५ विरुद्ध ४ मतांनी.

पहिला १९७३ चा. टेक्सासमधलं सॅन अँटोनियो शहर. डिमेट्रिओ रॉड्रिग्ज, हवाई दलाच्या तळावर पत्र्याचं काम करणारा माणूस. त्याची मुलं एजवुड डिस्ट्रिक्टच्या शाळेत. त्याच शहरात अलामो हाइट्स हा श्रीमंत डिस्ट्रिक्ट. १९६७-६८ मध्ये एजवुडमध्ये एका मुलामागे खर्च ३५६ डॉलर, अलामो हाइट्समध्ये ५९४. आता खरी मेख ऐका. टॅक्सचा दर एजवुडमध्ये जास्त होता! १०० डॉलरच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट. अलामो हाइट्समध्ये ८५ सेंट. गरीब गाव जास्त दराने टॅक्स भरत होतं, पण घरंच स्वस्त म्हणून पैसा जमत नव्हता.

रॉड्रिग्ज म्हणाला, हा भेदभाव आहे. सुप्रीम कोर्ट म्हणालं, संघराज्याच्या घटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क नाही. केस हरली.

दुसरा निकाल १९७४ चा, डेट्रॉइटचा. गोरी कुटुंबं शहर सोडून उपनगरात गेलेली, शहरातल्या शाळांत बहुतांश कृष्णवर्णीय मुलं. खालच्या कोर्टाने योजना दिली, शहर आणि भोवतालचे ५३ डिस्ट्रिक्ट मिळून मुलांची सरमिसळ करा. सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध नसेल तर त्यांच्या हद्दीत हात घालायचा नाही. या निकालाला विरोध करणाऱ्यांत थर्गुड मार्शल होते. वीस वर्षांपूर्वी ब्राउन केस लढणारे वकील तेच.

दाजींच्या शीटमधल्या त्या दोन गावांच्या मधला रस्ता आठवतोय? देशाच्या पातळीवर तो इतका पक्का झाला या दोन निकालांनी.

न्यू जर्सीत आपली माणसं

न्यू जर्सीची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. तिथल्या राज्यघटनेत १८७५ पासून लिहिलंय, की ५ ते १८ वयाच्या मुलांना नीट आणि परिपूर्ण मोफत शिक्षण द्यायचं. त्यामुळे रॉड्रिग्ज केस हरल्यावर दोनच आठवड्यांत न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने राज्याची टॅक्सवर चालणारी पद्धत बेकायदा ठरवली. पुढे अ‍ॅबट केसमुळे ३१ गरीब डिस्ट्रिक्टना राज्याकडून मोठा निधी मिळू लागला. १९७५ च्या माउंट लॉरेल निकालाने गावांना बजावलं, की फक्त मोठ्या प्लॉटची घरं बांधायचे नियम करून गरिबांना बाहेर ठेवू नका. गाठ सुटली नाही, पण सैल झाली.

आपले लोक इथे आले ते याच काळात. १९६५ च्या कायद्याने देशवार कोटा गेला, आणि डॉक्टर-इंजिनिअर येऊ लागले. १९९० च्या कायद्याने एचवनबी व्हिसा आजच्या रूपात आला, मग वायटूके, मग आपली आयटी. सुरुवात सोपी नव्हती. १९८७ मध्ये जर्सी सिटीत डॉटबस्टर्स नावाची टोळी भारतीयांवर हल्ले करत होती. नाव कुंकवावरून. त्याच वर्षी शेजारच्या होबोकनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला मारहाण झाली आणि त्यात त्याचा जीव गेला.

तिथून पुढे एडिसन, इझेलिन, ओक ट्री रोड, प्लेन्सबोरो. आज तिथे वडापाव मिळतो, गणपती बसतो. १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं, आणि आता गावोगावी रविवारच्या मराठी शाळाही भरतात. आपला माणूस आपल्या माणसाला गाव सुचवतो, आणि त्यात पहिलं वाक्य असतं, "तिकडची शाळा चांगली आहे."

दहापैकी नऊ म्हणजे नक्की काय?

आता त्या शेवटच्या रकान्याकडे येऊ.

१९९९ मध्ये सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी एक भारी अभ्यास छापला. मॅसॅच्युसेट्समधली अशी घरं घेतली, जी एकाच डिस्ट्रिक्टमध्ये, एकाच मोहल्ल्यात, पण प्राथमिक शाळेच्या हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे आहेत. बाकी सगळं सारखं, फक्त शाळा वेगळी. निघालं काय? शाळेचे टेस्ट स्कोअर ५ टक्के जास्त असतील तर पालक घरासाठी साधारण २.५ टक्के जास्त मोजतात. सरकारी शाळेला फी नाही म्हणतात, पण ती भाड्यात भरली जाते.

रेटिंगच्या वेबसाइट्स त्याच सुमारास आल्या. ग्रेटस्कूल्स १९९८ ची. घर शोधायच्या अ‍ॅपवर आज तोच आकडा दिसतो. त्यात मोठा हिस्सा टेस्ट स्कोअरचा. आणि टेस्ट स्कोअर पालकांच्या उत्पन्नाशी आणि शिक्षणाशी घट्ट बांधलेला. ज्या गावात दोघंही पालक इंजिनिअर, त्या गावाची शाळा नऊ येणारच. ती शाळा शिकवते किती आणि मुलं घरूनच किती घेऊन येतात, हे एका आकड्यात कळत नाही. मूल वर्षभरात किती पुढे गेलं, हे मोजणारा ग्रोथचा आकडा वेगळा असतो. थोडं खाली स्क्रोल करावं लागतं, एवढंच.

नऊवाल्या शाळेचीही किंमत असते. २०१५ मध्ये वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरो या नामांकित डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडंटनी पालकांना एक लांबलचक पत्र लिहिलं. आदल्या वर्षी १२० मुलांना मानसिक तपासणी सुचवावी लागली होती, आणि ४० मुलांना हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं होतं. मग हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षा बंद झाल्या, गणिताचा प्रवेगक वर्ग चौथीऐवजी सहावीपासून ठरला. पालकांत दोन तट पडले. विरोध करणाऱ्यांत आपल्यासारखे आशियाई पालक बरेच होते. आपण जेईईचे क्लास करून तिथवर पोचलेली माणसं, आपल्याला तो ताण नॉर्मल वाटतो. मुलांना वाटतोच असं नाही.

आणखी एक प्रयोग. १९९४ पासून पाच शहरांत सरकारने सुमारे ४,६०० गरीब कुटुंबांची लॉटरी काढली, आणि काहींना कमी गरिबीच्या वस्तीत जायला व्हाउचर दिलं. मुलांचे मार्क फारसे वाढले नाहीत. सगळे म्हणाले, फसलं. पण २०१५ च्या सुमारास राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी ती मुलं मोठी झाल्यावर त्यांची कमाई बघितली. तेरा वर्षांच्या आत नव्या वस्तीत गेलेल्या मुलांची कमाई सुमारे ३१ टक्के जास्त निघाली. तेराच्या पुढे गेलेल्यांना फायदा दिसला नाही. ती कुटुंबं फार गरीब वस्तीतली, त्यामुळे आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नका. पण दोन गोष्टी घ्या. गाव मुलाला मार्कांच्या पलीकडेही काहीतरी देतं. आणि किशोरवयात मुळं उपटणं महाग पडू शकतं.

मग शीटमध्ये काय लिहायचं?

मी ताईला पाच गोष्टी लिहून पाठवल्या, त्या तुम्हालाही सांगतो.

एक. गावाचं रेटिंग बघू नका, पत्त्याची शाळा बघा. एकाच गावात दोन बिल्डिंगना दोन शाळा असू शकतात. करार सही करायच्या आधी डिस्ट्रिक्ट ऑफिसला फोन करून तो पत्ता सांगा, आणि कुठली शाळा, जागा आहे का, हे विचारा.

दोन. घर विकत घ्यायची गरज नाही. भाडेकरूच्या मुलाचा हक्क तेवढाच. नाव घालताना भाडेकरार, जन्मदाखला आणि लसीकरणाची नोंद लागते. मेमी टेपची आठवण ठेवून ती फाइल भारतातूनच तयार करून न्या.

तीन. दुसऱ्याचा पत्ता वापरायचा शॉर्टकट नको. ओहायोत २०११ मध्ये एका आईने मुलींच्या शाळेसाठी त्यांच्या आजोबांचा पत्ता दाखवला, म्हणून तिला नऊ दिवस तुरुंगात काढावे लागले. आपण तर व्हिसावर.

चार. मुलाचं इंग्रजी कच्चं असेल तर लपवू नका. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी पालकांनी लाउ केस जिंकली, म्हणून इंग्रजीसाठी वेगळी मदत देणं शाळांवर बंधनकारक आहे. घरात कुठली भाषा बोलता, असा फॉर्म येईल. त्यात बिनधास्त मराठी लिहा. कुणीतरी त्या रकान्यासाठी लढलंय.

पाच. पाच वर्षांचा हिशोब करा. भाचा आज नऊ वर्षांचा. दरवर्षी भाडं वाढलं म्हणून गाव बदललं तर त्याची शाळा आणि मित्र दोन्ही बदलणार. नऊ रेटिंगच्या गावात दोन वर्षं राहून बाहेर पडण्यापेक्षा, सातच्या गावात पाच वर्षं टिकता आलं तर मी सात घेईन.

ताईने शीटमध्ये एक नवीन रकाना घातलाय, "इथे किती वर्षं परवडेल?" आणि पहिल्या तीन गावांचा क्रम बदललाय.

तर मंडळी, तुमच्या घरात अशी शीट चालू असेल तर हा भाग त्या फॅमिली ग्रुपवर टाका. आणि तुमच्यापैकी कुणी जर्मनी, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियात मुलांना शाळेत घातलं असेल, तर तिकडे पत्ता आणि शाळा यांचं नातं कसं आहे ते व्हॉइस नोटवर पाठवा. जर्मनीत दहाव्या-अकराव्या वर्षीच मुलांच्या शाळा वेगळ्या होतात, त्यावर एक अख्खा भाग होऊ शकतो. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!